रिबिल्ट टायटलची गाडी घेताय? ती टोटल का झाली ते आधी शोधा

ऑगस्टमध्ये अमेरिकेत एमएसची नवीन बॅच उतरते आणि महिन्याभरात आपल्या मुलांच्या ग्रुपवर तोच प्रश्न येतो, की फेसबुक मार्केटप्लेसवर एक कोरोला दिसतेय, माइल्स कमी, फोटोत चकाचक, बाजारभावापेक्षा तीन-चार हजार डॉलर स्वस्त, फक्त खाली बारीक अक्षरात "रिबिल्ट टायटल" लिहिलंय, घेऊ का? मग अर्धे म्हणतात हातसुद्धा लावू नको, आणि अर्धे म्हणतात काही होत नाही रे, माझी मस्त चाललीये. यातल्या कुणीच ती गाडी टोटल का झाली होती हे विचारलेलं नसतं, आणि सगळा खेळ तिथेच आहे.

थोडक्यात प्रकार असा. टायटल म्हणजे आपल्या आरसीसारखा मालकीचा कागद, तो राज्य सरकार देतं. गाडीला अपघात झाला किंवा चोरीला गेली किंवा पुरात बुडाली, आणि इन्शुरन्स कंपनीला वाटलं की दुरुस्त करण्यापेक्षा मालकाला पैसे देऊन मोकळं व्हावं, तर ती गाडी टोटल लॉस धरतात आणि तिचा कागद "सॅल्व्हेज" होतो. मग ती कोपार्ट किंवा आयएए सारख्या लिलावात जाते, तिथून कुणीतरी गॅरेजवाला उचलतो, डेंटिंग-पेंटिंग करतो, पार्ट बदलतो, राज्याची तपासणी करून घेतो, आणि मग कागदावर "रिबिल्ट" असा शिक्का बसतो. तो शिक्का कायमचा असतो, गाडी कितीही छान चालली तरी जात नाही. आणि अजून सॅल्व्हेजच असलेली गाडी कुणी "तपासणी फक्त बाकी आहे, तुम्ही करून घ्या" म्हणून विकत असेल तर अजिबात घेऊ नका, ती रस्त्यावर चालवायलाच परवानगी नसते आणि तपासणीत अडकली तर तुमच्या गळ्यात पडते.

आता महत्त्वाचं. गाडी टोटल होते ती किती मोडली यावर नाही, दुरुस्तीचा खर्च आणि गाडीची त्या दिवशीची किंमत यांच्या हिशोबावर. न्यूयॉर्कमध्ये खर्च किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल, फ्लोरिडात ८० टक्के, ओक्लाहोमात ६० टक्के, टेक्ससमध्ये थेट १०० टक्के, कॅलिफोर्नियासारख्या राज्यात दुरुस्तीचा खर्च आणि भंगाराची किंमत मिळून गाडीच्या किमतीवर जाते का असा हिशोब करतात. समजा २०१३ ची कोरोला आहे, किंमत ७,००० डॉलर. समोरून ठोकली, बंपर, दोन हेडलाइट, बॉनेट, रेडिएटर गेला, दोन एअरबॅग उघडल्या, तर इथल्या बॉडी शॉपचं बिल बघता बघता पाच-सहा हजारांवर जातं, म्हणजे बहुतेक ठिकाणी गाडी टोटल. तोच मार ३०,००० च्या नव्या एसयूव्हीला बसला असता तर कंपनीने निमूटपणे दुरुस्त करून दिली असती आणि टायटल क्लीन राहिलं असतं! म्हणून स्वस्त, जुन्या, छोट्या गाड्यांमध्येच रिबिल्ट घेण्यात अर्थ आहे असं माझं ठाम मत आहे, कारण त्या थोड्या मारातही टोटल होतात.

उलटही तितकंच खरं. दोन वर्षांची, २०,००० च्या वरची गाडी रिबिल्ट दिसली की लोक हुरळून जातात, अरे नवीकोरी गाडी १३ हजारात! पण जरा विचार करा, एवढी किंमत असताना ती टोटल झाली म्हणजे खर्च किती निघाला असेल, पंधरा हजारांचं काम निघायला काय काय मोडावं लागतं. त्यामुळे आठ-दहा वर्षांची रिबिल्ट मी बघेन, दोन वर्षांची कुणालाच सुचवणार नाही, अपवाद फक्त गारा आणि चोरीचा.

गारांचं असं की टेक्सस, ओक्लाहोमा, कोलोराडोकडे लिंबाएवढ्या गारा पडतात आणि गाडीच्या छतापासून बॉनेटपर्यंत शंभर खड्डे पडतात. दुरुस्तीचं बिल मोठं होतं पण इंजिनला, चासीला म्हणजे गाडीच्या सांगाड्याला धक्का लागलेला नसतो. अशी गाडी मिळाली तर सोनं समजा, खड्डे दिसले तर दिसले. चोरीचंही तसंच, चोरीला गेली, कंपनीने पैसे दिले, मग गाडी सापडली, पण कागद सॅल्व्हेज झाला. २०२१-२२ पासून ह्युंदाई आणि कियाच्या चावीने सुरू होणाऱ्या साध्या मॉडेल्सच्या चोऱ्यांची लाटच आली होती कारण त्यांच्यात इमोबिलायझर, म्हणजे खरी चावी नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारा भाग, नव्हता, त्यातल्या बऱ्याच एलांट्रा आणि फोर्टे फुटलेली काच आणि तोडलेलं स्टिअरिंग कॉलम एवढ्यावर सुटल्या. ह्युंदाई-कियाने २०२३ मध्ये फुकट सॉफ्टवेअर अपडेट द्यायला सुरुवात केली, ते झालंय का विचारा. आणि या मॉडेल्सना काही शहरांत काही कंपन्यांनी इन्शुरन्स द्यायला नकार दिला होता, त्यामुळे इन्शुरन्सचं आधी बघा. चोर गाडी कशी हाणतात कुणाला माहीत, म्हणून इंजिन-गिअरबॉक्स तपासायचा तो तपासायचाच.

पुरातली गाडी मात्र नाही म्हणजे नाही. कितीही स्वस्त असो. २०१७ मध्ये हार्वी वादळाने ह्यूस्टन बुडालं, २०२२ मध्ये इयन, २०२४ मध्ये हेलीन आणि मिल्टन, अशा प्रत्येक वादळानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन पुसून दुसऱ्या राज्यात विकायला येतात. आज सुरू होते, एसी लागतो, सगळं छान, आणि सहा महिन्यांनी वायरिंगच्या जोडांमध्ये गंज चढून कधी पॉवर विंडो बंद, कधी दिवे, कधी भर हायवेवर इंजिनच बंद. हायब्रिड असेल तर बॅटरीची भीती वेगळीच.

मग ती का टोटल झाली हे शोधायचं कसं? विकणाऱ्याच्या तोंडून "मायनर डॅमेज, फक्त बंपर" एवढंच ऐकू येणार, प्रत्येकाची गाडी फक्त बंपरनेच टोटल झालेली असते. तुम्ही त्याच्याकडून व्हिन नंबर, म्हणजे त्या गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मागा. १७ अक्षरं-आकड्यांचा असतो, ड्रायव्हरच्या बाजूला काचेखाली डॅशबोर्डवर आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर. नंबर द्यायला कुणी कां कू करत असेल तर तिथेच विषय संपवा. मिळाला की पहिलं काम, तो जसाच्या तसा गूगलवर टाका. लिलावात गेलेल्या गाड्यांचे जुने फोटो बऱ्याचदा कुठल्या ना कुठल्या साइटवर राहिलेले असतात, आणि ते फोटो म्हणजे या सगळ्या व्यवहारातला सगळ्यात मोठा पुरावा. लिलावाच्या पानावर "प्रायमरी डॅमेज" म्हणून एक ओळ असते, फ्रंट एंड, रिअर एंड, साइड, हेल, वॉटर/फ्लड असं त्यात लिहिलेलं असतं, त्याखाली सेकंडरी डॅमेज, आणि गाडी स्वतः चालत होती का तेही.

फोटो नीट मोठे करून बघा. पुढचं चाक आपल्या जागेवर सरळ आहे का मागे ढकललं गेलंय? चाक दाराकडे सरकलेलं असेल तर सस्पेन्शन आणि त्यामागची चासी वाकलेली असणार. दारं आणि पत्रे यांच्यातल्या फटी सरळ आहेत का? छताला, दोन दारांमधल्या खांबाला चुणी पडलीये का? एअरबॅग उघडलेल्या दिसतात का आणि किती? मागून बसलेला मार असेल तर डिकीच्या आतला तळ कसा दिसतोय? बंपर, लाइट, बॉनेट, मडगार्ड, दाराचा पत्रा हे सगळं नटबोल्टवर बसतं, ते बदललं तर फारसं बिघडत नाही. खांब, छत, चासीच्या पट्ट्या कापून वेल्डिंग केलं असेल तर पुढच्या अपघातात ती गाडी तुम्हाला कशी सांभाळेल याची कुणी खात्री देऊ शकत नाही, अशी गाडी सोडा.

गूगलवर फोटो नाही मिळाले तर विकणाऱ्याकडे मागा. जो माणूस मनापासून गाडी नीट करून विकतो तो दुरुस्तीआधीचे फोटो आणि पार्टच्या पावत्या ठेवतो, राज्याच्या तपासणीला पावत्या दाखवाव्याच लागतात बहुतेक ठिकाणी. दोन्ही नाही म्हणाला तर मी पुढे जात नाही, मग गाडी कितीही आवडलेली असो.

त्याबरोबर गाडीच्या इतिहासाचा रिपोर्ट काढा. कारफॅक्स, ऑटोचेक माहीत असतातच, पण एनएमव्हीटीआयएस ही सरकारी नोंदवही आहे, १९९२ च्या अँटी कार थेफ्ट कायद्यातून आलेली, तिचा रिपोर्ट काही डॉलरमध्ये मिळतो, त्यात कुठल्या राज्यात कधी कुठला शिक्का बसला ते दिसतं. एनआयसीबी या इन्शुरन्स क्षेत्रातल्या संस्थेचं व्हिनचेक फुकट आहे. रिपोर्टमध्ये राज्यांचा क्रम बघा, गाडी एका राज्यात सॅल्व्हेज झाली, मग दुसऱ्या-तिसऱ्या राज्यात कागद फिरले आणि हातातल्या टायटलवर काहीच शिक्का नाही, तर याला टायटल वॉशिंग म्हणतात, म्हणजे मुद्दाम शिक्का धुऊन काढलेला. अशा माणसाकडून काहीच घेऊ नका. एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या साइटवर व्हिन टाकून रिकॉल, म्हणजे दोषामुळे कंपनीने गाड्या परत बोलावून करायची दुरुस्ती, बाकी आहेत का तेही बघा, फुकट आहे, टाकाटा कंपनीच्या एअरबॅगचा रिकॉल अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅगचा होता आणि २००० च्या दशकातल्या कितीतरी कोरोला-सिव्हिक त्यात होत्या.

एक गैरसमज फार पसरलेला आहे, की राज्याने तपासून रिबिल्ट दिलंय म्हणजे गाडी सुरक्षित आहे. बहुतेक राज्यांत ती तपासणी मुख्यतः चोरीचे पार्ट वापरलेत का हे बघायला असते. न्यूयॉर्कमध्ये ती मुळातच चोरीविरोधी तपासणी आहे, ओहायोत ती हायवे पोलीस करतात. सहसा कुणी चासी मोजत नाही, एअरबॅग उघडून बघत नाही. टेक्ससमध्ये तर २०२५ पासून साध्या गाड्यांची दरवर्षीची सेफ्टी तपासणीसुद्धा बंद झालीये. म्हणजे तपासायचं तुम्हालाच.

एअरबॅगवर जरा थांबतो कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. अपघातात उघडलेली एअरबॅग बदलायला कंपनीचा पार्ट महाग पडतो, म्हणून काही लोक नेटवरून आलेली नकली बसवतात, काही तर आत काहीच न बसवता वरून झाकण लावतात. जुलै २०२४ मध्ये एनएचटीएसएने इशारा काढला होता की नऊ महिन्यांत अशा हलक्या दर्जाच्या इन्फ्लेटरमुळे, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागामुळे, तिघांचा मृत्यू झाला आणि दोघं आयुष्यभरासाठी जखमी झाले, जे अपघात एरवी जीवघेणे नव्हते त्यात एअरबॅगनेच धातूचे तुकडे मारले. त्या सगळ्या गाड्या आधी अपघात झालेल्या होत्या. तर बघायचं कसं, गाडीत बसा, इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करा आणि डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा बघा. तो लागला पाहिजे, काही सेकंद राहिला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. लागूनच राहिला तर सिस्टिम बिघडलीये, आणि मुळात लागलाच नाही तर कुणीतरी दिवा काढून टाकलेला असू शकतो, हे जास्त वाईट. दिवा बरोबर वागला तरी पूर्ण खात्री नाही, रेझिस्टर लावून सिस्टिमला फसवता येतं, म्हणून फोटोत एअरबॅग उघडलेली दिसत असेल तर नव्या एअरबॅगची पावती हवीच, कंपनीच्या डीलरची. पावती नसेल तर एअरबॅग नाहीच असं धरून चला. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांनी एअरबॅग उघडलेली गाडी घेऊच नये असं मी सांगेन, हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

सीटबेल्टही तेव्हाच बघा. सगळे बेल्ट शेवटपर्यंत ओढा. खालच्या टोकाला शिवलेली पट्टी असते तिच्यावर तारीख असते, ती गाडीच्या वर्षाशी जुळते का बघा. बेल्टच्या आतल्या भागावर, जो कधीच बाहेर येत नाही, तिथे चिखलाचा डाग दिसला तर गाडी बुडालेली आहे, कारण गालिचा धुतात, सीट धुतात, पण बेल्ट पूर्ण ओढून कुणी धूत नाही. तिथेच खाली वाकून सीटच्या रुळांवरचा गंज बघा, डिकीतलं स्टेपनीचं झाकण काढून आत माती आहे का बघा, आणि एसी बंद ठेवून खिडक्या लावून दोन मिनिटं बसा, कुबट वास येतो का. परफ्युम भरपूर मारला असेल तर आणखी लक्ष द्या.

बाहेरून बघायला दिवसा, कोरड्या हवेत जा. बॉनेट उघडून बिजागऱ्यांचे आणि मडगार्डचे बोल्ट बघा, पाना लागला की बोल्टच्या कडांवरचा रंग उडतो, त्यावरून काय काय काढून लावलंय ते कळतं. मग रिबिल्टमध्ये बोल्ट उघडलेले असणारच, प्रश्न फोटोतल्या मारापेक्षा जास्त ठिकाणी उघडलेत का हा आहे. फोटोत पुढचा मार दिसतोय आणि मागच्या दाराच्या रबरावरही रंगाचे कण आहेत, तर काहीतरी लपवलंय.

चालवताना निदान अर्धा तास चालवा, हायवेवर ताशी ६५ माइलपर्यंत न्या, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग मध्यभागी राहतं का, ब्रेक दाबला की एका बाजूला ओढते का. वीस-तीस डॉलरचा ओबीडी स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड बघा. आदल्या रात्री कोड पुसलेले असतील तर "रेडिनेस मॉनिटर", म्हणजे गाडीने स्वतःच्या करायच्या चाचण्या, अपूर्ण दिसतात, तेही लक्षात ठेवा. २०१७ पासूनच्या कोरोलात समोरचा कॅमेरा आणि रडार सगळ्या मॉडेलना आलाय, बंपर किंवा काच बदलली असेल तर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नेमकी जुळवणी, केल्याची पावती मागा, नाहीतर आपोआप ब्रेक लागायचा तिथे लागणार नाही.

आणि मेकॅनिककडे न्यायचीच. विकणाऱ्याच्या ओळखीचा नको, तुमच्या पसंतीचा. खरेदीपूर्व तपासणीला साधारण शंभर ते अडीचशे डॉलर लागतात, शिवाय एखाद्या टायरच्या दुकानात चारही चाकांचं अलाइनमेंट मोजून छापील कागद घ्या, जुळवणी करूनही आकडे लाल, म्हणजे मर्यादेबाहेर, राहत असतील तर चासी किंवा सस्पेन्शन वाकलेलं असू शकतं. हे पैसे वाचवून काही पदरात पडत नाही. तपासणीला न्यायला नाही म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नका, मग तो मराठी मंडळाच्या ओळखीतला का असेना. संकोच करू नका, "काका, टायटल आणि आधीचे फोटो बघायला मिळतील का" एवढं विचारल्याने कुणी रागावत नाही, आणि रागावले तर बरंच झालं.

मॉडेल म्हणाल तर कोरोला, सिव्हिक, माझदा ३, होंडा फिट, यांचे पार्ट भंगारातही मुबलक मिळतात आणि कुणीही दुरुस्त करतं. फिट अमेरिकेत २०२० नंतर बंद झाली पण गाडी गुणाची आहे. २०१३ पासून पुढच्या काही वर्षांतल्या निसान सेंट्रा-व्हर्साच्या सीव्हीटी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तक्रारी इतक्या होत्या की कंपनीला वॉरंटी वाढवून द्यावी लागली, त्या रिबिल्टमध्ये तर टाळाच.

पैसे द्यायच्या आधी इन्शुरन्सला फोन करा, व्हिन द्या, रिबिल्ट आहे हे स्पष्ट सांगा. लायबिलिटी, म्हणजे समोरच्याचं नुकसान भरून देणारी, बहुतेक जण देतात. तुमच्या स्वतःच्या गाडीचं कोलिजन-कॉम्प्रिहेन्सिव्ह काही कंपन्या देतच नाहीत आणि देतात त्या गाडी गेली तर कमी पैसे देतात. कर्जही बँका सहसा देत नाहीत, काही क्रेडिट युनियन, म्हणजे पतसंस्था, देतात, त्यामुळे गाडी रोखीची आणि पैसे बुडाले तर आपलेच अशा तयारीने जेवढे पैसे घालता येतील तेवढेच घाला.

भाव करताना क्लीन टायटलच्या त्याच मॉडेल-माइल्सच्या गाड्यांचे भाव समोर ठेवा, रिबिल्ट साधारण २० ते ४० टक्के कमी असते. १० टक्के कमी सांगत असेल तर सरळ क्लीनच घ्या, कारण विकताना तुम्हालाही तेवढाच भाव पाडून मागणार आहेत.

शेवटी कागद. टायटलचा मूळ कागद हातात घेऊन बघा, झेरॉक्स किंवा व्हॉट्सॲपवरचा फोटो नाही. त्यावरचं नाव आणि विकणाऱ्याच्या लायसन्सवरचं नाव एकच हवं. "आधीच्या मालकाने सही करून दिलंय, तुमचं नाव घाला" म्हणाला तर तो टायटल जंपिंग करतोय, म्हणजे स्वतःच्या नावावर न करताच गाडी विकतोय, बेकायदेशीर आहे, आणि उद्या काही निघालं तर तो तुम्हाला सापडणार नाही. कुणाचं कर्ज बाकी नाही हे बघा, माइल्सचा आकडा लिहून घ्या, २०११ आणि त्यानंतरच्या मॉडेलला तो वीस वर्षांपर्यंत लिहून द्यावाच लागतो. जमलं तर दोघांनी मिळून डीएमव्हीत, म्हणजे तिथल्या आरटीओत, जा, तिथेच नाव बदलून पैसे द्या. आणि लिलावाचे फोटो, पार्टच्या पावत्या, अलाइनमेंटचा कागद, मेकॅनिकचा रिपोर्ट हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. दोन वर्षांनी नोकरी लागून दुसऱ्या शहरात जाताना गाडी विकायला काढाल तेव्हा टायटलवर काय शिक्का आहे ते जाहिरातीतच लिहा, आणि घ्यायला येणाऱ्याच्या हातात पहिल्यांदा ती फाइल द्या.